एबीएसचा दिवा लागतो, ब्रेकही लागतात. मग गाडी घाटात न्यावी का?

वाचकांचे पत्र, थोडक्यात : पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या एका शिक्षिकेकडे २०१९ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून डॅशबोर्डवरचा एबीएसचा, म्हणजे जोराने ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा अधूनमधून लागतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की तो बहुतेक वेळा विझतो, पण जोराचा पाऊस असला किंवा खड्ड्यांचा रस्ता लागला की परत येतो. ब्रेक नेहमीसारखेच लागतात. सर्व्हिस सेंटरने पूर्ण एबीएस मॉड्यूल (या यंत्रणेचा संगणक आणि झडपा यांची एकत्र जोडणी) बदलावे लागेल असे सांगून ३८ हजार रुपयांचे इस्टिमेट दिले आहे. घराजवळच्या ज्या मेकॅनिकने जूनमध्ये पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग बदलले होते, त्याने स्कॅनर लावून कोड मिटवला आणि दिवा परत आला तर त्याचा बल्बच काढून टाकू, असे सुचवले. सासऱ्यांचे म्हणणे असे की त्यांनी आयुष्यभर फियाट चालवली, तिला कुठे एबीएस होते? गणपतीला मुलगी आणि सासू-सासरे यांच्यासह ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे कोकणात जायचे आहे आणि हाताशी जेमतेम दोन आठवडे आहेत. पैसे घालावेत, दुर्लक्ष करावे की गाडीच नेऊ नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य आपण ओघात लिहून पुढे गेलात. जूनमध्ये पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग बदलले, हे ते वाक्य. त्याकडे मी येतोच. त्याआधी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. सर्व्हिस सेंटर, मेकॅनिक आणि सासरे या तिघांनी आपल्याला तीन निर्णय सांगितले आहेत, पण बिघाड नेमका कोठे आहे हे तिघांपैकी एकानेही शोधलेले नाही, किंवा शोधले असेल तर आपल्याला सांगितलेले नाही. आपणही या तिघांपैकी कोणाचे ऐकावे असा प्रश्न विचारला आहे. माझ्या मते आज तो प्रश्नच लवकरचा आहे.

दिवा काय सांगतो ते आधी पाहू. आपण चावी फिरवता तेव्हा एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझतो, कारण त्या वेळात यंत्रणेचा छोटा संगणक स्वतःची आणि जोडलेल्या तारांची तपासणी करतो. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो आणि तो चाक किती वेगाने फिरते आहे हे सतत कळवत राहतो. जोराने ब्रेक दाबल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा एकदम मंदावले, म्हणजे ते लॉक होऊन घसरण्याच्या बेतात आले, तर मॉड्यूलमधील झडपा त्या चाकाचा दाब सेकंदाला अनेकदा सोडतात आणि पुन्हा धरतात. पेडलखाली जी थरथर जाणवते ती याचीच. एखाद्या सेन्सरकडून येणारी माहिती तर्काला धरून नसेल, तर चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडण्यापेक्षा यंत्रणा स्वतःला बंद करून घेते, दिवा लावते आणि कारण कोडच्या रूपात स्मृतीत नोंदवते. पेडल, मास्टर सिलिंडर, नळ्या आणि कॅलिपर ही मूळ ब्रेकव्यवस्था मात्र चालूच राहते. म्हणून केवळ पिवळा दिवा लागला असताना ब्रेक ऐन वेळी दगा देतील ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो घरातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असलाच पाहिजे. पिवळ्या दिव्याच्या जोडीला वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवाही लागला आणि हँडब्रेक पूर्ण सोडल्यावरही तो विझला नाही, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी, बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी किमान खुणेच्या वर आहे का ते पाहावे आणि नसेल तर गाडी टो करून न्यावी. पातळी ठीक असली तरीही दोन्ही दिवे एकत्र लागणे याचा अर्थ पुढच्या आणि मागच्या चाकांत दाब वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडली असण्याची शक्यता असते. पातळी खाली गेली असेल तर ऑइल ओतून निघून जाणे हा उपाय नव्हे. एक तर पॅड झिजले असतात, नाही तर कोठे तरी गळती असते.

आता सासऱ्यांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बॉशने बनवलेले इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या गाड्यांत १९७८ साली आले आणि भारतात प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचे व्हायला २०१९ चा एप्रिल उजाडला. तोवर या देशातली बहुतेक वाहतूक त्याच्याविनाच चालली, खंडाळ्याचा आणि कात्रजचा घाट चढली-उतरली. शिवाय एबीएसमुळे गाडी दर वेळी कमी अंतरात थांबतेच असेही नाही. सुट्या खडीवर तर थोडे जास्तच अंतर लागू शकते. त्याचा खरा फायदा असा की पाय पूर्ण दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकते आणि समोरच्या अडथळ्याला वळसा घालता येतो.

तरीही आपल्या गाडीचा एबीएस बंद झाला म्हणून तिची फियाट होत नाही. जुन्या गाड्यांचे वेग कमी होते आणि चालवणाऱ्यांच्या पायाला ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबण्याची सवय होती. पुढे अनेक गाड्यांत मागच्या चाकांचा दाब मर्यादित ठेवणारी स्वतंत्र यांत्रिक झडप असे. एबीएससह येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ती काढून टाकून तेच काम ईबीडीकडे सोपवलेले आहे. म्हणजे बिघाड वाढून ईबीडीही गेली, तर जुन्या गाडीत असलेली सोयही या गाडीत उरत नाही आणि मागची चाके आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरू शकते. सासऱ्यांचा अनुभव खरा आहे, पण तो या गाडीवरचा नाही. हे आपण त्यांना सांगू शकाल असे वाटते. तांत्रिक कारण दिले की ज्येष्ठ मंडळी बहुधा ऐकतात, ‘तुमचा काळ वेगळा होता’ एवढेच म्हटले की ऐकत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आपण सांगितलेली लक्षणे एकत्र ठेवून पाहा. दिवा कायम लागलेला राहत नाही. पाऊस आणि खड्डे यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. गाडी पुन्हा चालू केल्यावर तो विझतो, कारण उभ्या गाडीत होणाऱ्या तपासणीत तार त्या क्षणी जोडलेली आढळते. पुढे चाक उसळले किंवा पाणी उडाले की संदेश तुटतो आणि दिवा परत येतो. हे सगळे चाकाजवळच्या तारेकडे, कपलरकडे (तारा जोडणाऱ्या प्लगकडे) किंवा सेन्सरकडे बोट दाखवते. मॉड्यूल बोनेटखाली असते, तिथे ना खड्ड्याचा तेवढा धक्का पोहोचतो ना चिखलपाणी. ते बिघडतच नाही असे नाही, पण संशयितांच्या यादीत ते वरच्या जागी यावे असे आपल्या पत्रात काहीच नाही.

आणि चाकापाशी जूनमध्ये काम झाले आहे. अनेक आधुनिक गाड्यांत सेन्सर ज्याच्यावर नजर ठेवतो ते दातेरी कडे स्वतंत्र नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय कडे बसवलेले असते. दिसायला ते साधे काळपट रबर दिसते, मात्र लोखंडी टाचणी जवळ नेली तर किंचित ओढली जाते. हे बेअरिंग उलटे बसले, किंवा चुंबकीय सील नसलेले स्वस्त बेअरिंग घातले गेले, तर सेन्सरला काहीच दिसत नाही. पण तसे झाले असते तर दुरुस्तीनंतर गाडी थोडी पुढे जाताच दिवा लागला असता आणि दर वेळी लागला असता. आपला दिवा लहरी आहे, म्हणून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. बेअरिंग काढताना सेन्सर बाहेर काढावा लागतो किंवा निदान त्याची तार बाजूला करावी लागते. ही तार शॉकअपच्या कडेने रबरी पकडींतून नेलेली असते, जेणेकरून स्टिअरिंग पूर्ण वळवले तरी ती ताणली जाऊ नये. घाईत एक पकड परत बसवायची राहिली, तर तार टायरला किंवा चाकाच्या आतील कडेला घासत राहते. बाहेरचे आवरण फाटते, आत पाणी शिरते, तांबे हिरवे पडते, आणि कोरड्या दिवशी जोडलेली असणारी तार पावसात तुटल्यासारखी वागते. तार नीट असेल तर मग कपलरमध्ये पाणी गेले आहे का, सेन्सरच्या टोकावर लोखंडी भुकटी साचली आहे का, नव्या बेअरिंगला इतक्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला आहे का, हे क्रमाने पाहावे लागेल.

आपल्याला एक प्रश्न विचारतो. कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू, सिग्नलला गाडी थांबता थांबता पेडल कधी पायाखाली थरथरले आहे का? थरथरले असेल तर एखाद्या चाकाचा संदेश कमी वेगात क्षीण होतो आहे आणि यंत्रणेला ते चाक थांबल्याचा भास होतो आहे. ही माहिती मेकॅनिकला जरूर द्या.

तपासणी कशी करून घ्यावी हे थोडे सविस्तर लिहितो, कारण याच टप्प्यावर बहुतेकांचे पैसे वाया जातात. आपल्या मेकॅनिकने कोड मिटवला, पण तो काय होता हे आपल्याला लिहून दिले नाही. कोड न वाचता मिटवणे म्हणजे चोरी झालेल्या खोलीत पोलिस यायच्या आधी केर काढण्यासारखे आहे. पुढच्या वेळी दिवा लागला की गाडी त्याच अवस्थेत गॅरेजला न्या आणि कोड मिटवण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. ऑनलाइन मिळणारी स्वस्त ब्लूटूथ यंत्रे बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे. हे कोड सहसा इंग्रजी ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि कोणत्या चाकाच्या सर्किटमध्ये दोष आहे ते सांगतात. सर्किट म्हणजे सेन्सर, तार, कपलर आणि मॉड्यूलपर्यंतची सगळी वाट. कोडमध्ये ‘पुढचा डावा सेन्सर’ असे दिसले म्हणून लगेच सेन्सर विकत घेणे हीसुद्धा घाईच.

कोडनंतरचे पाऊल म्हणजे गाडी चालत असताना स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहणे. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने शेजारी बसून पडद्याकडे पाहावे. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटर वेग पुरतो. तीन आकडे सारखे आणि चौथा मध्येच शून्यावर येत असेल, तर चाक सापडले. मग गाडी उभी करून, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून त्या चाकाची तार बोटाने वाकवत न्यावी, कपलरवर पाण्याचा फवारा मारावा आणि चाक हाताने फिरवून संदेश तुटतो का ते पाहावे. या सगळ्याला फार वेळ लागत नाही. सेन्सर दोन प्रकारचे असतात, याचेही भान मेकॅनिकला हवे. जुन्या प्रकाराचा विद्युतरोध (रेझिस्टन्स) मीटरने मोजता येतो. नव्या प्रकाराला वीजपुरवठा लागतो आणि त्याचा रोध मोजून ‘सेन्सर गेला’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

सर्व्हिस सेंटरने फसवलेच, असे मी म्हणणार नाही. तिथे कामाची पद्धतच सुटा भाग शोधण्यापेक्षा पूर्ण जोडणी बदलण्याकडे झुकलेली असते, आणि जोडणी बदलली की तक्रार परत येत नाही हा त्यांचा हिशेब असतो. आपल्या बाबतीत मात्र तोही हिशेब चुकण्याची शक्यता आहे: दोष तारेत असेल तर ३८ हजार भरूनही पुढच्या सरीत दिवा परत येईल. म्हणून त्यांना शांतपणे तीन गोष्टी विचारा. कोणता कोड मिळाला तो जॉब कार्डवर लिहून द्याल का? मॉड्यूलचे फ्यूज, वीजपुरवठा आणि अर्थिंग तपासले का? मॉड्यूल बदलूनही दिवा परत आला तर काय कराल, हे लेखी द्याल का? कोड पंपाच्या मोटरचा, झडपांच्या रिलेचा किंवा संगणकाच्या अंतर्गत दोषाचा असेल आणि फ्यूज व अर्थिंग ठीक निघाले, तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे असे समजावे. त्याही वेळी हायड्रॉलिक भाग चांगला असेल तर केवळ इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त होतो का, ही चौकशी करायला हरकत नाही. भंगारातल्या गाडीचे मॉड्यूल मात्र घेऊ नये. ते आपल्या गाडीच्या प्रोग्रॅमिंगशी जुळेलच असे नसते, आणि ब्रेकच्या बाबतीत असा प्रयोग मला मान्य नाही.

बल्ब काढण्याच्या सूचनेला माझा स्पष्ट नकार आहे. यात दुरुस्ती काहीच होत नाही, फक्त आपल्याला कळायचे थांबते. उद्या दुसऱ्या चाकाचाही दोष निर्माण झाला तरी तो आपल्याला दिसणार नाही आणि गाडी कोणाला विकली तर त्या माणसाला तर काहीच कल्पना नसेल. जुनी गाडी विकत घेणाऱ्या वाचकांनीही चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा क्षणभर लागतो की नाही हे आवर्जून पाहावे; जो दिवा कधी लागतच नाही, तो सतत लागलेल्या दिव्यापेक्षा अधिक संशयास्पद असतो.

दोष सेन्सरचाच निघाला तर नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, तो मिळण्याची चांगली शक्यता आहे. चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर जुळवून घ्यावा, कारण डावा-उजवा आणि पुढचा-मागचा सेन्सर वेगळा असू शकतो. दोष तारेचा असेल तर पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड चाकापाशी टिकत नाही. शक्यतो तारेसह येणारा सेन्सरच बदलावा. आणि पकडी सगळ्या जागेवर बसल्या आहेत ना, हे स्वतः वाकून पाहावे. बेअरिंग त्याच मेकॅनिकने बदललेले असल्याने हे काम आधी त्यालाच दाखवणे न्यायाचे होईल. आरोपाच्या सुरात न बोलता ‘जूनमध्ये हे चाक उघडले होते, तेवढे पुन्हा पाहा’ असे म्हटले तर तोही मोकळेपणाने पाहील.

ज्यांचा दिवा वेगळ्या प्रकारे लागतो त्यांच्यासाठी थोडे. सकाळी स्टार्टर मारताना इतर दिव्यांबरोबर एबीएसचाही लागत असेल तर आधी बॅटरी तपासा. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ असावे. पंक्चरनंतर स्टेपनी लावल्यावर दिवा लागला असेल तर स्टेपनीचा आकार लहान आहे का पाहा, कारण लहान चाक जास्त वेगाने फिरते आणि यंत्रणा बुचकळ्यात पडते. सोसायटीच्या तळघरात गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चारही कपलर उघडून वाळवावे लागतील. आणि पावसाळ्यात उंदीर तारा कुरतडतात ही पुण्याच्या पार्किंगमधली नित्याची गोष्ट आहे, तेव्हा बोनेटखाली एक नजर टाकावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. मॉड्यूलमधील बारीक झडपांचे आयुष्य त्यावरही अवलंबून असते.

राहिला प्रवासाचा प्रश्न. दोन आठवडे ही तपासणी आणि दुरुस्ती दोन्हींसाठी पुरेसा वेळ आहे, मात्र गणपतीच्या आदल्या आठवड्यात गॅरेजांत गर्दी उसळते, त्यामुळे हे काम याच आठवड्यात करा. तोवर शहरात गाडी चालवायला हरकत नाही. पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, ब्रेक एकदम न आपटता दाब वाढवत न्या आणि चाके लॉक होऊन गाडी सरळ घसरू लागली तर पाय क्षणभर सैल करून पुन्हा दाबा. नवले पुलाच्या उतारावर आणि बायपासवर पावसात वेग मुद्दाम कमी ठेवा.

दोष दूर झालेला नसताना ताम्हिणी उतरावी, असे मी सांगणार नाही. भाद्रपदात तिथे धुके असते, वळणांवर धबधब्यांचे पाणी रस्त्यावर येते, डांबरावर शेवाळ आणि माती असते, आणि गाडीत चार माणसे व सामान असल्याने थांबायला लागणारे अंतर आधीच वाढलेले असते. स्टिअरिंग हाती राहण्याची गरज सर्वांत जास्त जिथे पडते, तिथेच आपण ती सोय गमावलेली असेल. दुरुस्ती वेळेत झाली नाही तर नात्यातली दुसरी गाडी घ्या, भाड्याची घ्या, किंवा स्वारगेटहून सुटणाऱ्या एसटीचे आरक्षण आताच करून ठेवा. नको झाले तर रद्द करता येते, ऐन वेळी मिळत मात्र नाही.

दुरुस्ती झाली तर निघण्यापूर्वी एक चाचणी करा. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या मोकळ्या, निर्मनुष्य रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी ३० च्या वेगात ब्रेक जोराने आणि पूर्ण दाबा. पेडल थरथरले, गाडी सरळ थांबली आणि दिवा लागला नाही, म्हणजे यंत्रणा कामाला लागली. त्यानंतर निदान दोन-तीन दिवस तोच खड्ड्यांचा रस्ता पावसात तुडवा. एवढे करूनही दिवा परत आला नाही, तर माणगावचा रस्ता धरायला माझी हरकत नाही. घाट मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, एबीएस चालू असले तरीही.